मारुतीला सांगायचा आकडा

सुरक्षितता कुलपात नसते, माणसाच्या चारित्र्यात असते, असे शेठ ओमप्रकाशजींचे ठाम मत होते. म्हणूनच त्यांच्या अकोल्याच्या कापसाच्या जिनात फक्त एकवीस कुलुपे होती.

शेठजी स्वतः अमरावतीला राहत. जिन अकोल्याला, मालक अमरावतीला आणि मधे बडनेऱ्याला गाडी बदलायची कटकट. त्यामुळे माणसांच्या चारित्र्यावरचा त्यांचा विश्वास मोसमातून एखाददुसऱ्या वेळीच डळमळत असे. सत्तावन सालच्या हिवाळ्यात मात्र तो पार कोसळला, आणि कोसळला तो नेमका देवमनच्या अंगावर.

त्या हिवाळ्यातले अकोले ज्यांनी पाहिले त्यांना काही सांगायची गरज नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत सगळे गाव पांढरे असे. कडुनिंबावर कापूस, विजेच्या तारांवर कापूस, माणसांच्या भुवयांवर कापूस. तिशीतला माणूस संध्याकाळी जिनातून बाहेर पडला की साठीचा दिसे, आणि तोंड धुऊन पुन्हा तिशीचा होई. ही सोय पुढे राहिली नाही. पहाटे बाजाराच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागे, बैलांच्या गळ्यातल्या घाटी वाजत, सरकीचा तेलकट वास थंडीत धरून बसे. मग एकेका जिनाचा भोंगा होई. प्रत्येक जिनाचे घड्याळ वेगळे, त्यामुळे भोंगेही वेगवेगळ्या वेळी; आणि प्रत्येक मोहल्ला आपापल्या भोंग्यावर घड्याळ लावी. अकोल्यात तेव्हा सकाळचे आठ निदान पाचदा तरी वाजत, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

देवमन हा शेठजींच्या जिनातला टेलिफोनवरचा कारकून. मॅट्रिक झालेला, कानाने तिखट, आणि स्वतःच्या छत्रीबद्दल फार हळवा. भर हिवाळ्यातही तो ती बरोबर बाळगी. आदल्या वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली आणि दिवाळीला त्याला ही नोकरी लागली. त्याचे वडील पुंजाजी यांनी उभा जन्म जिनांच्या आवारात डोक्यावर कापसाचे बोजे वाहिले होते. जिनात खुर्चीवर बसणारा त्या घरातला देवमन पहिलाच. खुर्ची मात्र अजून हंगामी होती. हा मोसम नीट गेला तर ती कायम होणार, असे शेठजींनी कबूल केले होते, आणि त्याच भरवशावर देवमनने लग्न करून मनकर्णाला अकोल्याला आणले होते.

देवमनचे काम सोपे होते. रोज सकाळी अमरावतीहून शेठजींचा ट्रंक कॉल येई. आज कापूस खंडीमागे किती रुपयांपर्यंत घ्यायचा तो आकडा शेठजी सांगत. देवमन तो ऐके आणि मॅनेजर खुशालराव यांच्या कानात सांगे. मग खुशालराव बाजारात जात, गाड्यांवर बोली बोलत, आणि त्या आकड्याशी येऊन थांबत. इथवर सगळे ठीक. पण ते थांबले, की शेजारच्या जिनाचा दलाल बरोबर एक रुपया चढवी आणि चांगली गाडी घेऊन जाई. रोज. एकच रुपया. दोन चढवले असते तर शेठजींना एवढे लागले नसते.

आकडा फुटत होता.

पहिला संशय टेलिफोनच्या ऑपरेटरवर गेला. शेठजींनी लगेच सांकेतिक भाषा काढली. प्रत्येक अंकाला एक भाजी. रोज सकाळी ते अमरावतीहून जिवाच्या आकांताने ओरडत, “वांगं! कांदा! भोपळा!” आणि अकोल्यात देवमन त्याचे दोनशे सत्तेचाळीस करी. आकडा फुटतच राहिला. मग भाज्या जाऊन नातेवाईक आले: मामी, मोठा साडू, आतेभाऊ. आठवडाभराने एका सकाळी ऑपरेटरच मधे बोलला, “शेठजी, माफ करा, मामीचं नाव आठ दिवसांपासून येऊन राहिलं. तब्येत बरी हाये ना त्यायची?” शेठजींनी बरी आहे म्हणून सांगितले. आकडा त्या दिवशीही फुटला.

मग टेलिफोनच्या खोलीला तीन कुलुपे लागली आणि तीन किल्ल्या तीन माणसांकडे गेल्या. त्यातला एक जण परतवाड्याला लग्नाला गेला, त्या दिवशी टेलिफोन आत एकटाच वाजत राहिला आणि बाकीचे दारापाशी हात बांधून ऐकत राहिले. तेवढा एकच दिवस आकडा फुटला नाही. मग रखवालदार बदलला. मग दाराच्या फटीत गोणपाट कोंबले. शेजाऱ्यांचा दलाल रोज एक रुपया चढवतच होता.

शेवटी शेठजींनी विचार केला. कुलुपे झाली, भाषा झाली, रखवालदार झाला. राहिला माणूस. आकडा जाणणारी माणसे दोनच, खुशालराव आणि देवमन. खुशालरावांचे सासरे शेठजींच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. म्हणजे राहिला एक.

“देवमन,” खुशालराव एका सकाळी खाली बघत म्हणाले, “शेठजी शनिवारी येऊन राहिले.”

“येऊ द्या ना साहेब. पाहुणचार करू.”

“तुह्याच पाहुणचारासाठी येऊन राहिले ते. कोणाले बोलू नको.”

देवमनला कळायला क्षणभर लागला. “साहेब, मी लागाच्या आंधी तीन वर्सं आकडा फुटतच होता ना?”

“फुटत होता. पण तवा तू नव्हता.”

“तेच तं मी म्हणून राहिलो!”

“अन् तेच शेठजी म्हणून राहिले. तवा तू नव्हता, म्हणून त्यायनं शनी आडवा आला म्हटलं, शांती केली. आता तू हायेस. मंग शनीचं काय काम उरलं?”

खुशालराव वाईट माणूस नव्हते. ते बी.कॉम. होते, आणि कोणाशीही वाकडे येऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर फार कष्ट घेतले होते. ते पुढे हळूच म्हणाले, “आणखी एक गोष्ट. आकडा मले सांगितला का तू फाटकाच्या समोर हॉटेलात जाऊन बसतं. लोकं पाह्यतात.”

“तवा पूजा चालू असते साहेब.”

हे खरे होते. जिन उघडायचा एक क्रम होता आणि तो डोमाजी जमादार रोज पार पाडी. विहिरीवर आंघोळ, मोठ्या फाटकाचे कुलूप, सड्याचे पाणी, इंजिनाला हळदकुंकू, मग मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात मारुती होता त्याची पूजा, आणि पूजा झाली की भोंगा. भोंगा झाल्याशिवाय सरकी काढणारे रेचे फिरत नसत आणि पूजा झाल्याशिवाय भोंगा होत नसे. हा क्रम कोणी ठरवला हे कोणी विचारले नव्हते, त्यामुळे तो फार प्राचीन मानला जाई. देवमनने दीक्षेच्या वेळी देवपूजा सोडली होती. पूजेच्या वेळी त्याला कोणी जा म्हणाले नाही, कोणी थांबही म्हणाले नाही. तो आपला छत्री घेऊन समोर चहाला जाई. हॉटेलवाल्याने त्याची कपबशी वेगळी ठेवणे त्याच वर्षी बंद केले होते, आणि बंद केल्याचे तो रोज ऐकवी.

“मंग पूजेत थांबू का?” देवमनने विचारले.

खुशालरावांनी खिडकीबाहेर पाहिले. “थांब म्हणत नाई. पण समोर दिसू नको बावा. मागच्या अंगानं बोळीत फिर जराशी. शनिवारलोक.”

म्हणून दुसऱ्या दिवशी देवमन मागच्या बोळीत गेला.

शेठजींचे जिन आणि शेजारचे जिन यांच्या मधे ही बोळ. वर्षभर तिच्यात कुत्रेही फिरकत नसे, पण हिवाळ्यात सकाळचे पहिले ऊन नेमके तिथेच पडे. त्या उन्हात भिंतीला पाठ लावून एक गृहस्थ उभे होते. काळी टोपी, गळ्यात मफलर, हातात तपकिरीची डबी. देवमनने त्यांना ओळखले. हे महादेवराव. चार वर्षांपूर्वी शेठजींच्याच जिनात मॅनेजर होते. वजनाच्या काट्यावरून काही बोलाबोली होऊन शेठजींनी त्यांना काढले, आणि शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवून घेतले. त्यांच्या जाण्यानंतर शेठजींनी जुनी कुलुपे, जुन्या किल्ल्या, जुना काटा, इतकेच काय महादेवरावांची खुर्चीही बदलली होती. देवमन बसे ती खुर्ची त्या नव्यांपैकी.

“या बाबू, या,” महादेवराव सरकून जागा देत म्हणाले. “ऊन फुकट हाये. छत्री कायले आणली?”

“आपली असू द्या म्हटलं.”

“बरं केलं. माणसानं तयारीत राहावं. नवीन दिसता बोळीत?”

“हवा खाले आलो.”

“खा ना. मी तं रोज खातो. डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्याले ऊन द्या.”

दोघे उन्हात उभे राहिले. गुडघ्यांवर, जमाखर्चावर आणि नव्या पैशांवर बोलणे झाले. सोळा आण्यांचे शंभर पैसे करून सरकारने काय साधले हे दोघांनाही कळत नव्हते. तेवढ्यात भिंतीपलीकडे घंटा वाजली. महादेवरावांनी बोलणे तोडले, डबी खिशात टाकली, हात जोडले आणि डोळे मिटले. माणूस भाविक आहे, असे देवमनच्या मनात आले. त्याला थोडे अवघडल्यासारखेही झाले.

भिंतीपलीकडून डोमाजीचा आवाज आला. डोमाजीचा आवाज म्हणजे इंजिन चालू असताना इंजिनापलीकडच्या माणसाला हाक मारून मारून घडलेला.

“मारुतीराया! आज दोनशे अठ्ठेचाळीस!”

देवमनच्या हातातली छत्री खाली आली.

“मारुतीराया! आज दोनशे अठ्ठेचाळीस! मारुतीराया! आज दोनशे अठ्ठेचाळीस!”

महादेवरावांनी डोळे उघडले, मनोभावे नमस्कार केला, एक चिमूट तपकीर ओढली. “बरं हाये बाबू, निघतो. कामं पडले,” असे म्हणून ते गुडघ्यांना काही झालेले नसल्यासारखे झपझप शेजारच्या फाटकात शिरले.

देवमन उन्हात तसाच उभा राहिला. अर्ध्या तासापूर्वी त्याने तीन कुलुपांच्या आत, गोणपाट कोंबलेल्या खोलीत, एक मामी, एक आजेसासू आणि एक आतेभाऊ यांतून हाच आकडा काढला होता.

त्या दिवशी दुपारी डोमाजी सावलीत विडी ओढत बसला होता. देवमन त्याच्याजवळ जाऊन बसला.

“डोमाजीभाऊ, मारुतीले आकडा कायले सांगता?”

“सांगाच लागते. बाजाराच्या आंधी देवाले. नाई तं बरकत कशी येईन?”

“हळू नाई सांगता येत का?”

डोमाजीने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “तुमी आता सोडलं हे सारं, म्हणून तुमाले ठाव नाई बाबू. मारुती रामाच्या नावात गुंग असते. एक डाव बोललं, हळू बोललं, तं त्याच्या कानावरच जात नाई. तीन डाव, खणखणीत.”

“हे कोणं सांगितलं तुमाले?”

“महादेवरावनं. त्यायनंच तं बसोला हा मारुती. नोकरी सोडून जाच्या आंधी महिनाभर. स्वतः उभं राहून जागा काढली भितीत. मोठा देवमाणूस. जाताजाता म्हणे, डोमाजी, मी राहीन न राहीन, हा नेम मोडू नको.” डोमाजीने विडीची राख झटकली. “आजलोक मोडला नाई.”

संध्याकाळी देवमनने मनकर्णाला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

“मंग सांगून टाका ना मॅनेजरले. त्यात काय?”

“काय सांगू? मी, दीक्षा घेतलेला माणूस, मारुतीची पूजा बंद करा म्हणू? म्हणतीन, याच्या पोटातलं बाहेर आलं.”

“अन् नाई सांगितलं तं?”

“तं शनिवारी मी बाहेर.”

“मंग बाहेर होऊन सांगण्यापक्षा आत राहून सांगा,” मनकर्णा म्हणाली आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी देवमनने खुशालरावांना सांगितले. खुशालरावांनी आधी दार लावले, मग खिडकी लावली, मग ते खुर्चीवर बसले.

“तू हे बोलला नाई,” ते म्हणाले, “अन् मी हे ऐकलं नाई.”

“साहेब, तुमी रोज तिथं उभे राह्यता. डोमाजी म्हणते, आकडा तुमीच त्याच्या कानात सांगता. ध्यानात नाई आलं?”

खुशालराव बोटांवर मोजू लागले. ते रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोजत: शेठजी एक, मी दोन, देवमन तीन. मारुतीला माणसांत धरायची पद्धत नव्हती, आणि डोमाजी त्या वेळी मारुतीच्या कामावर असे. चौथे कोणी मोजायचे राहिले आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

“पण हे शेठजीले सांगायचं कसं?” ते शेवटी म्हणाले. “का बावा मारुती फितूर हाये?”

“सांगू नका. दाखवू. शनिवारी डोमाजीले दुसराच आकडा सांगा. चढा. मंग पाहू त्यावर कोण नाचते ते.”

खुशालरावांनी दोन्ही कानांना हात लावले. “मारुतीले खोटं? माह्या तोंडातून? मी लेकराबाळाचा माणूस हावो. तूच सांग. तुले काय, तू त्याले मानत नाई.”

“मारुतीले मानत नाई साहेब. पण खोटं बोलणार नाई अशी शपथ घेतली ना तिथंच.”

देवाला मानणारा देवाशी खोटे बोलायला तयार नव्हता, आणि देवाला न मानणारा कोणाशीच खोटे बोलायला तयार नव्हता. शेजाऱ्यांकडे असा कोणताच पेच नव्हता.

रात्री मनकर्णाने तो सोडवला. “मारुतीले खोटं सांगायची भानगड तुमाले नाई,” ती म्हणाली. “जो नाईच त्याले खोटं बोलता तरी कसं येईन? गोष्ट हाये डोमाजीची. तो हाये. तं त्याले आज भाव अमका हाये असं म्हणू नका. मारुतीले अमका आकडा सांगजा, एवढंच म्हणा. काम सांगणं म्हणजे काई खोटं बोलणं नाई. माही माय मले दिवसभर कामं सांगे, ते का खोटं बोले?”

देवमनने यावर बराच विचार केला, आणि त्याला त्यात खोट सापडली नाही. किंवा शनिवार जवळ आल्यामुळे त्याने फार शोधली नसेल.

शनिवारी सकाळच्या गाडीने शेठ ओमप्रकाशजी आले. धोतर, लांब कोट, गुलाबी फेटा. देवमनच्या नमस्काराला त्यांनी मान हलवली नाही. आकडा त्यांनी स्वतः, समोरासमोर सांगितला: दोनशे पन्नास. “आज तर फोनही नाही, ऑपरेटरही नाही,” ते देवमनकडे बघत म्हणाले. “आज फुटला, तर बघतो मी.”

“शेठजी,” देवमन म्हणाला. “आज मी तुमच्याच जवळ बसतो. बाजार सुटेपर्यंत. हॉटेलात नाही, बोळीत नाही, कुठंच नाही. त्याच्या आधी फक्त डोमाजीले एक काम सांगतो, तुमच्यासमोर.”

शेठजींनी भुवया वर केल्या. देवमनने दारातूनच हाक मारली. “डोमाजीभाऊ, मारुतीले आज दोनशे ऐंशी सांगजा.”

“बरं,” डोमाजी म्हणाला आणि गेला. त्याला आकडे पोचवायचे असत, तपासायचे नसत.

“ये दोसौ अस्सी क्या है?” शेठजींनी विचारले.

“बाजारात दिसन, शेठजी,” खुशालराव म्हणाले, आणि आपण एवढे बोललो याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

मागच्या भिंतीकडून दोनशे ऐंशी तीनदा ऐकू आले. भोंगा झाला. तिघे बाजारात गेले.

बोली रोजच्यासारखी सुरू व्हायची होती. रोजचा भाव दोनशे पंचेचाळीस-पन्नासच्या घरात घोळत होता. पण आकडा हातात असल्यामुळे शेजाऱ्यांच्या दलालाला अलीकडे आळस चढला होता. खुशालराव एकेक रुपया चढवत येणार, मग आपण शेवटी एक टाकणार, यात सकाळ जाई. म्हणून तो आता एकदम शेवटचा बोल बोलूनच मोकळा होई. पहिल्या गाडीवर खुशालराव दोनशे चाळीस म्हणाले.

“दोनशे एक्क्याऐंशी!” दलाल ओरडला.

गाडीवाल्याने आधी दलालाकडे, मग आपल्या कापसाकडे, मग पुन्हा दलालाकडे पाहिले. दुसरी गाडी, दोनशे एक्क्याऐंशी. तिसऱ्या गाडीत भिजका कापूस वर कोरडा टाकून आणलेला होता. तीही दोनशे एक्क्याऐंशी. बातमी रांगेत मागे मागे गेली, तसे लोक बैल पिटाळत पुढे येऊ लागले. एक म्हातारा खाली उतरून दलालाच्या पाया पडला. खुशालराव प्रत्येक गाडीवर अदबीने चाळीस म्हणत आणि मागे होत. शेठजी कडुनिंबाखाली बाकड्यावर बसून हे पाहत होते. देवमन त्यांच्या शेजारी दोन हातांवर, छत्री मांडीवर घेऊन.

बऱ्याच वेळाने शेठजी म्हणाले, “ये दोसौ अस्सी किसको बताया था?”

“मारुतीले, शेठजी.”

“और किसको?”

“आणखी कोणालेच नाई.”

शेठजींनी मान जिनाकडे वळवली. मग, “भिंतीच्या पलीकडं काय आहे?”

“बोळ हाये. सकाळचं ऊन येते. महादेवराव उभे राह्यतात, गुडघ्यासाठी.”

“महादेवराव?” शेठजींचा आवाज चढला. “त्याला तर मी काढला! त्याचं एकेक कुलूप काढून फेकलं मी! खुर्चीसुद्धा!”

“काढलं ना शेठजी,” देवमन म्हणाला. “सारं काढलं. त्यायनं बसोलेला मारुती तेवढा ठेवला.”

शेठजींनी फेटा काढून मांडीवर ठेवला. हे ते फक्त घरच्या माणसांसमोर करीत. “बाबू,” ते म्हणाले, आणि ते त्याला बाबू पहिल्यांदाच म्हणाले, “तुझी खुर्ची कायम.”

देवमनने उठून नमस्कार केला. या वेळी मान हलली.

पुढचा प्रश्न अवघड होता. मारुती हलवायचा कसा? असे म्हणण्याची छाती शेठजींचीही नव्हती. हळू सांगावे, तर डोमाजी ऐकेना. देवाला ऐकूच गेले नाही तर सांगायचे कशाला, असे त्याचे म्हणणे. भिंत उंच करावी, तर डोमाजीच्या आवाजापुरती भिंत बांधायला परवडेना. शेवटी तोड निघाली. डोमाजीचा नेम चालू राहिला. मारुतीला रोज कालचा आकडा सांगायचे ठरले. डोमाजीने कुरकुर केली, पण देवाला काल काय अन् आज काय, असे शेठजी स्वतः म्हणाले तेव्हा त्यानेही ते मानले.

देवमन त्या खुर्चीवर पुष्कळ वर्षे बसला. सदुसष्टमध्ये शेठजींनी त्याला बढती देऊन अमरावतीच्या पेढीवर नेले, तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त चुटपुट लागली ती बोळीची. कारण त्या शनिवारनंतरही तो हिवाळ्यात तिथे जातच राहिला. समोरच्या हॉटेलात आता कोणी काही म्हणाले नसते. पण ऊन इकडे होते. महादेवरावही येत. दोघांनाही सगळे माहीत होते आणि दोघांनीही ते कधी काढले नाही. घंटा वाजे, महादेवराव सवयीने हात जोडीत, भिंतीवरून कालचा आकडा तीनदा येऊन पडे. मग ते डबी पुढे करीत. देवमन नको म्हणे. मनकर्णाचे बाळंतपण, पोराची शाळा, गुडघे, पानशेतचे धरण फुटले तो पावसाळा, सगळ्यावर बोलणे होई. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भोंगे होत, एक आधी, एक नंतर, आणि उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहत. पुढे अमरावतीला देवमनच्या घराला भरपूर ऊन होते, गच्ची होती, आरामखुर्चीही होती. तरी हिवाळा लागला की तो म्हणे, “इथलं ऊन बरं हाये. पण तिथं कसं, कोणीतरी असे.”

त्या शनिवारी दोनशे एक्क्याऐंशीने घेतलेल्या कापसाच्या गाठी शेजाऱ्यांनी पुढच्याच महिन्यात विकल्या. मुंबईचा बाजार एकाएकी चढला होता. अकोल्यात त्या मोसमातला सर्वांत मोठा नफा तोच.